तीन दिवसात ८६ कॅसेट डिजिटल करून देणारा भेटला तर आधी हे वाचा

आमच्या अण्णांच्या ८६ कॅसेट. सगळ्या ९० मिनिटवाल्या, टीडीकेच्या जास्त. काही दुकानातून गाणी भरून आणलेल्या, बऱ्याचशा आकाशवाणीवरून टेप केलेल्या आणि १५ घरच्या, म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गणपतीतली भजनं, असलं सगळं.

घरी येऊन कॅसेट नेणारा एक जण ओळखीतून मिळाला. बोलायला एकदम गोड, नवीनच धंदा काढलाय म्हणाला, कॅसेटमागे ११० रुपये, वेव्ह फाईल (आवाज न दाबता साठवणारी, म्हणून मोठी) देतो, आवाज साफ करून देतो. ९,४६० झाले, मी सगळे आधीच जीपे केले (हो, गाढवपणा). पावती नाही, यादी नाही. तीन दिवसात फोन, ७१ झाल्या, उरलेल्या १५ ना बुरशी लागलीये, त्याचे अजून ४,००० पडतील. तेही दिले.

आता हिशोब बघा, जो मी तेव्हा केला नाही. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढा वेळ ती वाजवावीच लागते, नीट करायचं तर शॉर्टकट नाही. ७१ गुणिले दीड तास म्हणजे १०६ तास झाले, एका डेकवर रात्रंदिवस न थांबता केलं तरी चार दिवसांच्या वर जातं. आणि वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे साठ-पासष्ट जीबी पाहिजेत, याने दिला १६ जीबीचा पेनड्राईव्ह, तोही अर्धा रिकामा!

ऐकायला बसलो तर गाणी चकाचक. खरखर नाही, निवेदिका नाही. अण्णा रेकॉर्डिंग चालू करताना आधी तारीख बोलायचे, ती कुठेच नाही. एका गाण्याच्या शेवटी तर चक्क "चॅनल सबस्क्राईब करा". म्हणजे भाऊंनी लेबलं वाचून गाणी नेटवरून उतरवली आणि माझ्या गळ्यात मारली. कॅसेट मशीनला लावल्याच नाहीत बहुतेक.

७१ परत मिळाल्या, त्याचं एवढं नाही, पैशाचंही जाऊ दे. पण त्या १५ नेटवर कुठून सापडणार त्याला? म्हणून बुरशीचं नाटक, मग "मशीन बिघडलंय", मग "गावाला आलोय", मग फोनच बंद. माझा अंदाज, टेप तुटली असणार त्याच्याकडून नाहीतर सरळ हरवल्या. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार केलीये, पण पावती मागितली की मी गप्प. तुम्ही देणार असाल तर मोजून, फोटो काढून, सहीची यादी घेऊन द्या, पहिल्यांदा एकच द्या आणि ती ऐकल्याशिवाय दुसरी देऊ नका. घरच्या आवाजाच्या तर शेजारी बसूनच करून घ्या.

या ८६ सोडून एक कॅसेट मात्र जुन्या डेकमध्ये अडकून घरीच राहिली होती. ती काढली, हेड स्पिरिटने पुसलं, डेकची वायर लॅपटॉपला लावून ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. एका बाजूला आजीच्या साडेतीन ओव्या आहेत, चौथी अर्ध्यात तोडून अण्णांनी त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केलीये.