उंची मोजणारं घड्याळ : नऊ महिने मनगटावर

घेताना या घड्याळाकडून मला काय हवं होतं ते आठवलं की हसू येतं. माथ्यावर पोहोचायचं आणि उंचीच्या आकड्याचा फोटो काढायचा, बस. नऊ महिन्यांत हिमरेषेच्या आसपासच्या शिखरांवर अकरा एकदिवसीय चढाया झाल्या. त्यातल्या तीन माथ्याच्या आधीच संपल्या. फोटो एकही काढला नाही, आणि घड्याळ सगळ्यात जास्त कामाला आलं ते आदल्या रात्री, नकाशा पसरून बसल्यावर.

आधी मी वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करायचो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हा नियम : दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन 18 किलोमीटर आणि 1200 मीटर चढ असेल तर उत्तर येतं 5 तास 36 मिनिटं. आल्प्सकडे वापरात असलेली जर्मन पद्धत फार कडक आहे. ताशी 300 मीटर चढ, 500 मीटर उतार, 4 किलोमीटर अंतर धरायचं. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ यांतला मोठा पूर्ण घ्यायचा, लहान निम्मा. त्याच वाटेला साडेआठ तासांच्या वर लागतात! तीन तासांची ही तफावत नेमकी दुपारी ढग माथ्यावर गोळा होतात तेव्हा भोवते.

दोन्हींतलं खरं कुठलं, हे घड्याळाने मिटवलं. दर दहा मिनिटांची उंची ते नोंदवून ठेवतं. चार चढायांनंतर माझे आकडे हाती आले : मळलेल्या पायवाटेवर ताशी 420 मीटर, घसाऱ्यावर 260, आणि शेवटच्या कातळटप्प्यात, जिथे हातही लावावे लागतात, जेमतेम 180. उतरताना घसाऱ्यावर मी स्वतःला समजत होतो त्यापेक्षा बराच मंद निघालो. गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं म्हणा. आता वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाला आपला वेग लावतो आणि परत फिरायची वेळ आधीच ठरवून गजर लावतो. पाचव्या चढाईपासून अंदाज अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकलेला नाही. ते तीन माथे या गजरानेच सोडायला लावले. एकदा तर वर फक्त 140 मीटर उरले होते. गजर बंद करताना भयंकर राग आला, पण 140 मीटर म्हणजे त्या कातळावर माझी पाऊण तासाहून जास्त चढाई, हे मलाच पाठ झालेलं होतं.

आता दोष. हे घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. दाब दोन कारणांनी उतरतो, तुम्ही वर गेलात म्हणून किंवा हवा बिघडतेय म्हणून. यातलं कारण कोणतं ते त्याला कळत नाही. ही अडचण जुनीच आहे. 1648 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए दाब मोजायची पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम डोंगरावर चढला, तेव्हा दुसरी नळी त्याने पायथ्याशी ठेवली होती आणि तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला माणूस बसवला होता. मनगटावर असा माणूस बसवता येत नाही. म्हणून नकाशावर उंची दिलेली खिंड, तळं, पूल आला की आकडा हाताने दुरुस्त करायचा. पहिल्या दोन चढायांत मी आळस केला आणि माथ्यावर पोहोचूनही घड्याळाच्या मते 70 मीटर खाली होतो. उन्हाळी हवेतही ते कमी दाखवतं : हवा घड्याळाने धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर चढलेल्या उंचीत साधारण 4 टक्क्यांची घट धरा.

हाच दोष मी रात्री वापरतो. तळावर झोपताना उंची बघून ठेवायची. सकाळी घड्याळ म्हणालं की तुम्ही 40 मीटर वर गेलात, तर तळ काही चढलेला नसतो, दाब पडलेला असतो. 2000 मीटरच्या आसपास दाबात 1 हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक म्हणजे सुमारे 10 मीटर, म्हणजे रात्रीतून 4 हेक्टोपास्कल उतरले. एवढं दिसलं की हवामानाचा अंदाज पुन्हा वाचतो आणि निघणं पुढे ढकलायचं का ते ठरवतो.

धुक्यात एकदाच खरी परीक्षा झाली. धारेवरून डावीकडची सोंड 2640 मीटरवर फुटत होती, तिच्या अलीकडे दोन फसव्या सोंडा. खिंडीत आकडा दुरुस्त केलेला होता, त्यामुळे 2650 दिसेपर्यंत डावीकडे बघायचंच नाही असं ठरवून उतरलो. उंची तुम्हाला नकाशावरची एक समोच्च रेषा देते, जागा देत नाही. दुसरी रेष होकायंत्राने दिली. जीपीएसची उंची त्या वेळी मागेपुढे उड्या मारत होती. उपग्रह सगळे वरच्याच बाजूला असल्यामुळे उंचीत त्याची चूक जास्त असते, शेजारी कडा असला तर आणखी.

तापमानाचा आकडा विसरा, तो तुमच्या मनगटाचा असतो. दर 1000 मीटरला साडेसहा अंश कमी, हे गणित तोंडी बरं पडतं. जीपीएस चालू ठेवलं तर थंडीत बॅटरी दुपारपर्यंत निम्मी होते. मी ते बंदच ठेवतो. झोप, ताण, ‘विश्रांती घ्या’ वगैरे सल्ले पहिल्याच आठवड्यात बंद केले. बटणं मात्र जाड हातमोज्यांतूनही दाबता येतात, टचस्क्रीनवाल्या मित्राला दर वेळी हातमोजा काढावा लागतो. मूळ पट्टा जाकिटाच्या बाहीवर बसत नव्हता, सहाव्या महिन्यात लांब कापडी पट्टा लावला. तो पहिल्याच दिवशी लावायला हवा होता.