एमपी३ करण्याआधी ऑडॅसिटीचा लो-पास फिल्टर
कॅसेटवरून उतरवलेलं गाणं १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३त दाबण्याआधी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमधला, ठरावीक वारंवारतेच्या वरचा आवाज कापणारा हा फुकटचा लो-पास फिल्टर लावाच. आधी ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख) बघा. १४ किलोहर्ट्झच्या वर नुसती सळसळ असेल तर तिथे कापा, उतार (वारंवारता दुप्पट होताना, म्हणजे एका ऑक्टेव्हला, आवाज किती घटतो ते) ४८ डेसिबल. उतार ६ डेसिबल ठेवलात तर सळसळ बरीचशी उरते आणि शिवाय झांजा मंदावतात. एमपी३ बनवणारा लेम एन्कोडर स्वतःही वरचा भाग कापतो, पण तो १६-१७ किलोहर्ट्झच्या आसपास. या दोन्हींच्या मधल्या सळसळीवर बिट्स वाया जातातच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळच्या ध्वनिमुद्रणात १५,६२५ हर्ट्झची शिट्टी असू शकते, तीही यात थोडी मंदावते. खालच्या पट्ट्यातल्या खरखरीवर मात्र हा फिल्टर कुचकामी. तिथे ‘नॉइज रिडक्शन’ लागतं, तेही बेताचं, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.