९.९ एचपी फोर-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन): एक हंगाम वापरल्यावर

सोळा फुटी फायबर होडी, दोन-तीन माणसं, जाळी, आणि पाणी म्हणजे मालवणजवळची कर्ली खाडी. वारा पडलेला असेल तर देवबागच्या संगमापलीकडे थोडं बाहेर. एवढ्या कामाला ९.९ एचपीचं, दोन सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं फोर-स्ट्रोक मशीन पुरतं. ऑगस्ट ते मे हंगाम काढल्यावरचं मत: पेट्रोल जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा बरंच कमी खातं, धूर नाही, आवाज कमी, टाकीत ऑइल मिसळत बसायला नको. वजन मात्र ४० किलोच्या वर आहे, त्यामुळे रोज काढून घरी नेणाऱ्याने घेण्याआधी एकदा उचलून बघावं. फुल रेसला तक्रार शून्य. कटकट एकच, आणि ती या वर्गातल्या कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू शकते: स्लोला, म्हणजे रेस सोडून मशीन नुसतं चालू ठेवलेलं असताना, बंद पडणं. जेट्टीला लावताना, जाळं उचलताना, संगमावर लाट बघत थांबलेलं असताना.

फुल रेसला मक्खन आणि स्लोला ठप्प, असं असेल तर दहातल्या सात-आठ वेळा कार्बोरेटरमधला पायलट जेट, म्हणजे स्लोचं पेट्रोल देणारा बारीक भोकाचा स्क्रू, चोंदलेला निघतो. स्लोला थ्रॉटलची बटरफ्लाय जवळपास मिटलेली असते, जास्त रेसचं पेट्रोल देणाऱ्या मेन जेटमधून काही येत नाही, सगळं पेट्रोल पायलट जेटच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक भोकातून येतं. फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल आठ-पंधरा दिवस तसंच राहिलं, उडून चिकट झालं, की पहिलं हेच भोक बुजतं. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोल नेणारी नळी तळातूनच ओढते, त्यामुळे आधी तोच थर मशीनमध्ये जातो.

पण म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नका. आधी फुकटातल्या गोष्टी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला तर मशीन थोडा वेळ चालतं आणि मग पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी बल्ब चपटा होऊन बंद पडतं. बल्ब बाणाची बाजू वर धरून दाबा. कडक व्हायला हवा. कडक होऊन लगेच मऊ पडत असेल तर कनेक्टरचा ओ-रिंग हवा घेतोय किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय. लाल क्लिप ओढली की मशीन बंद करणाऱ्या किल स्विचवर मीठ चढलं तरी मशीन अधूनमधून बंद पडतं. क्लिप हलवल्यावर रेस अडखळली तर दोष तिथेच.

खरी परीक्षा मशीन मरायला लागतं त्या क्षणी होते. तेव्हा बल्ब दाबा. लगेच सावरलं तर पेट्रोल पोचत नाहीये: फिल्टर, पाइप किंवा फ्युएल पंपाचा पडदा. बल्बने फरक नाही, पण चोक किंचित ओढल्यावर सावरलं, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त: पायलट जेट चोंदलाय किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. चोकने उलट लवकर मेलं आणि प्लग काळे ओले असतील, तर पेट्रोल जास्त येतंय. बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बघा. न्यूट्रलला ठीक आणि गियर टाकल्यावरच बंद, तर आधी पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळलेली तंगूस (नायलॉनचा दोरा) काढा.

जेट साफ करताना पेट्रोलचा पाइप सोडवा, बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा पांढरी भुकटी दिसली तर फक्त जेट धुऊन भागणार नाही, टाकी आणि फिल्टरही रिकामे करावे लागतील. पायलट जेट बऱ्याच मॉडेलमध्ये छोट्या रबरी टोपीखाली असतो. तो पितळेचा असतो, खाचेत बरोबर बसणारा स्क्रू-ड्रायव्हरच वापरा, नाहीतर खाच जाते. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. अगदीच अडलं तर तांब्याच्या वायरची एक काडी. मिश्रणाचा स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे गेले ते लिहून ठेवा आणि बसवताना तेवढेच फेरे परत सोडा.

किनाऱ्यावर सर्रास चालणारा इलाज म्हणजे थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आवळून रेस चढवणं. मशीन बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. पण स्लो मिनिटाला १३००-१४०० फेऱ्यांवर गेला की गियर टाकताना खाडकन आवाज येतो आणि क्लचचे दात झिजतात. तो खर्च कार्बोरेटरच्या कित्येक पट. बरोबर पद्धत: होडी पाण्यात, मशीन दहा मिनिटं चालून गरम, मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून रेस सर्वात स्थिर येईल तिथे ठेवायचा, आणि शेवटी स्टॉप स्क्रूने मॅन्युअलमधला आकडा लावायचा. या मशीनला तो ९५० च्या आसपास आहे. प्लगच्या वायरीवर गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर घ्या, कानाचा भरवसा नको.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे मशीन गरम होईपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणाऱ्या व्हॉल्व्हकडे, मात्र कोणी बघत नाही. वाळू किंवा मीठ अडकून तो उघडाच राहिला की मशीन कधी गरमच होत नाही, स्लो डगमगतो, प्लग काळे पडतात, आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल लगेच बदला आणि थर्मोस्टॅट काढून बघा. थंड असताना तो पूर्ण मिटलेला हवा. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ उघडायला हवा. तासन्‌तास स्लोवर गळ ओढणाऱ्यांना हा त्रास थर्मोस्टॅट चांगला असूनही होतो. मध्येमध्ये पाच-सात मिनिटं अर्ध्याच्या वर रेस द्या.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीआधी ड्रममध्ये गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलचा पाइप काढून बंद पडेपर्यंत चालू ठेवा. तरीही बाउलमध्ये थोडं उरतंच, म्हणून ड्रेन स्क्रू उघडायचाच. टाकीतलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये घालून संपवा, ऑगस्टपर्यंत ठेवू नका. होडीत कायम असावं असं सामान: दोन प्लग, प्लगचा पाना, कनेक्टरचे ओ-रिंग, एक फिल्टर, किल स्विचची जादा क्लिप, आणि डबीत गुंडाळलेला एक नवा पायलट जेट. जेट घेताना मॉडेल नंबर सांगूनच घ्या, दिसायला सारखे असले तरी भोकाचा आकडा वेगळा असतो.