डीसीसी लेआउटवर पेकोचे युनिफ्रॉग पॉईंट: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

मॉडेल रेल्वेचा लेआउट डिजिटल करायचा, म्हणजे डीसीसीवर (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी पद्धत) न्यायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती कमांड स्टेशन (आदेश पाठवणारं यंत्र) आणि डिकोडरची (आदेश वाचणारी चिप). इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझं मत ठाम झालंय: आधी पॉईंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा रुळांचा सांधा) ठरवा, आणि पॉईंटमध्येही आधी फ्रॉग (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) बघा. त्रिज्या, किंमत, स्लीपर कसे दिसतात हे सगळं त्यानंतर.

साध्या डीसीवर (रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवण्याची पद्धत) पॉईंटमध्ये क्षणभर शॉर्ट झाला तर इंजिन जरा अडखळतं आणि पुढे जातं. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं उपकरण) तो शॉर्ट लगेच पकडतो, पुरवठा तोडतो आणि त्या भागातल्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. माझे आधीचे पॉईंट दुसऱ्या बनावटीचे, जुन्या पद्धतीचे होते. त्यात दोन्ही ब्लेड (सरकून मार्ग बदलणाऱ्या पट्ट्या) फ्रॉगलाच जोडलेल्या. म्हणजे उघडी ब्लेड आणि तिच्या शेजारचा स्टॉक रेल (बाहेरचा स्थिर रूळ) यांची पोलॅरिटी विरुद्ध, आणि मधली फट अगदी थोडी. एखादं चाक आतल्या बाजूनं ब्लेडला घासलं की सगळं बंद.

पेको या ब्रिटिश कंपनीच्या युनिफ्रॉग पॉईंटमध्ये प्रत्येक ब्लेड कारखान्यातूनच आपापल्या स्टॉक रेलला जोडून येते. चाक घासलं तरी काही होत नाही. ब्लेड आणि रूळ नुसते टेकण्यावर वीज अवलंबून नाही, हा दुसरा फायदा. आपल्याकडच्या धुळीत तो फार मोलाचा. फ्रॉगचं टोक तेवढं वेगळं ठेवलेलं असतं आणि खालून त्याची एक वायर येते. ती जोडायची की नाही हे आपल्यावर.

यार्डातल्या पॉईंटना मी सुरुवातीपासून फ्रॉगचा पुरवठा दिला, मेन लाइनवरचे मुद्दाम तसेच ठेवले, फरक कळावा म्हणून. उन्हाळ्यात बोगीवाली डिझेल इंजिनं दोन्हीकडे सारखीच धावली. चार चाकी शंटर (डबे हलवणारं छोटं इंजिन) मात्र मेन लाइनवर सावकाश नेला की फ्रॉगवर थबकायचा. पावसाळ्यात हवा दमट झाली, चाकांवर काळपट थर धरू लागला, आणि मग मोठी इंजिनंही तिथे चाचरायला लागली. आवाजाचा डिकोडर असलेलं इंजिन तर आवाज तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आता सगळे फ्रॉग जोडलेत. तेव्हा बोर्ड पक्का करण्याआधीच ती वायर खाली ओढून ठेवा, गिट्टी चिकटवल्यावर ते काम जिवावर येतं.

फ्रॉगची पोलॅरिटी बदलायला पॉईंट फिरवणाऱ्या मोटरला स्विच हवा. टॉरटॉइज नावाच्या मोटरमध्ये दोन स्विच आतच असतात, मोटर हळू फिरते आणि टोकाला थांबल्यावर जेमतेम १६ मिलिअँपियर घेते. उत्तम वस्तू, पण भारतात मागवायची तर महाग पडते. मी बुधवार पेठेतून एसजी-९० सर्व्हो (छोट्या मोटर) आणि मायक्रोस्विच आणले, आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर डीसीसी-ईएक्स हे डीसीसीचं सॉफ्टवेअर चालवतो. सर्व्हो लावताना टायबारजवळची (दोन्ही ब्लेड जोडणारी आडवी पट्टी) छोटी स्प्रिंग काढावी लागते, नाहीतर ब्लेड मध्येच झटका देते. सोलेनॉइड (झटक्यानं पॉईंट फिरवणारी मोटर) वापरणाऱ्यांनी ती ठेवावी, तिथे तिचं काम आहे. मायक्रोस्विच नेमका कुठल्या क्षणी पलटतो याची युनिफ्रॉगला फारशी फिकीर नाही, कारण ब्लेडचा फ्रॉगशी संबंधच नाही.

पेकोच्या स्ट्रीमलाइन मालिकेत लहान, मध्यम, मोठा पॉईंट म्हणजे साधारण २४, ३६ आणि ६० इंची त्रिज्या. कोन तिन्हींचा १२ अंश, त्यामुळे मिसळून वापरता येतात. आपला आयसीएफ डबा १:८७ प्रमाणात सुमारे २४.५ सेंमी होतो, एलएचबी २७ सेंमी. क्रॉसओव्हरवर (दोन समांतर मार्ग जोडणारे पॉईंट) उलटसुलट वळण येतं, तिथे एवढ्या लांब डब्यांना २४ इंची त्रिज्या शोभत नाही आणि कपलर ओढले जातात. मेन लाइनला मध्यमच्या खाली जाऊ नका. साइडिंगला लहान चालतो.

वायरिंग झालं की रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक पॉईंटच्या अलीकडे, पलीकडे, दोन्ही फाट्यांवर रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर तत्काळ ट्रिप व्हायलाच हवा. कुठे नाणं ठेवूनही पुरवठा चालू राहिला, तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. गाडी घसरली की तिथेच रूळ तापून स्लीपर वितळतील.

आणि पॉईंटच्या डिकोडरचा पुरवठा रुळांवरून घेऊ नका, वेगळी लाइन द्या. फ्रॉगला वीज असली की चुकीच्या बाजूनं लागलेल्या पॉईंटवर इंजिन चढताच शॉर्ट होतो. त्याच रुळांवर डिकोडर असेल तर तोही बंद पडतो आणि पॉईंट बदलताच येत नाही, हातानं इंजिन मागे ढकलावं लागतं. वेगळ्या लाइनवर तो जिवंत राहतो. फोनवरून पॉईंट फिरवला की गाडी आपोआप पुढे निघते.