इन्स्टाग्राम रील की व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट?

मालवण-तारकर्लीकडच्या आठ-दहा खोल्यांच्या हॉटेलला रील नवा पाहुणा मिळवून देते; तोच पाहुणा पुन्हा आणायचं काम व्हॉट्सअ‍ॅपचं.

रील अनोळखी लोकांपर्यंत जाते, हीच तिची ताकद. पण ड्रोनमधून समुद्र सगळेच दाखवतात. त्यापेक्षा रव्यात घोळवलेली सुरमई तव्यावर पडताना दाखवा, तीही पहिल्या तीन सेकंदांत. कमेंटमध्ये कुणी 'रेट?' विचारलं तर तिथेच सांगा. 'डीएम केलंय' (खासगी मेसेज पाठवलाय) म्हटलं की भाव लपवताय असं वाटतं.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवणं. एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. म्हणून चेक-इनलाच लोकेशन नि जेवणाच्या वेळा पाठवा, नंबर समोरच सेव्ह करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये 'मासेखाऊ', 'शाकाहारी', 'स्कूबा' अशी लेबलं लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टात ताजी मासळी आली की मासेखाऊंना कळवा, शाकाहाऱ्यांना नको. महिन्याला एकच मेसेज. रोज 'गुड मॉर्निंग' पाठवलंत तर ब्लॉक झालात समजा!

हाताशी माणूस एकच असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅप. रील मे आणि दिवाळीच्या सुट्ट्यांआधी महिनाभर केल्या तरी पुरे.