धोलावीरा: भूजहून एका दिवसात उरकायचं, की एक रात्र मुक्काम करायचा?

दिवाळीनंतर संभाजीनगर, जालना, परभणीकडची बरीच कुटुंबं कच्छला निघतात. मुंबईहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी भूज. पांढरं रण, भुजोडी, मांडवीचा किनारा हे सगळं ठरलेलं असतं. अडतं ते धोलावीराशी. हडप्पाकालीन शहर, 2021 साली जागतिक वारसा यादीत आलेलं, नकाशावर पार रणाच्या पलीकडे. मग प्रश्न येतो: भूजहून खासगी गाडी करून सकाळी जाऊन रात्री परत यायचं, की तिथे एक रात्र काढायची?

दोन्ही जमतं. दोन्हींत तथ्य आहे. तरी मी मुक्कामाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना त्या हिशोबाने वाचाल.

आधी रस्त्याचं. रापरवरून जाणारा जुना रस्ता भूजहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. खावड्यावरून रण कापत जाणारा नवा रस्ता झाल्यापासून अंतर साधारण 140 वर आलं आहे. एका दिवसाची सहल शक्य झाली ती या रस्त्यामुळेच. मोबाईलचा नकाशा अजूनही कधीकधी रापरकडून नेतो, म्हणून मध्ये ‘खावडा’ हा थांबा टाकूनच मार्ग लावा. डिझेलची टाकी भूजलाच भरून घ्या, स्टेपनीत हवा आहे का ते निघण्याआधी बघा. रणातल्या पट्ट्यात मोबाईलची रेंज जाते आणि पंक्चरवाला म्हणाल तर खावडा सोडल्यावर धरून चालू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी असतं. ते दिसतं फार सुंदर, पण जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर रस्ता चालू आहे का हे खावड्यात विचारूनच पुढे जावं.

आता एका दिवसाच्या सहलीचं कागदावरचं गणित. पहाटे साडेपाचला भूज सोडलं, भिरंडियाऱ्याला मावा आणि चहा घेतला, तर नऊपर्यंत धोलावीरा. अवशेष नीट बघायला तीन तास, जेवण एक तास, संध्याकाळी सातच्या आत भूज. या गणितात चूक काही नाही. ज्यांना हे जमेल त्यांनी बिनधास्त एका दिवसात जावं.

प्रत्यक्षात ते सहसा जमत नाही, आणि कारणं साधीच असतात. ट्रॅव्हल्सवाला गाडी सातला पाठवतो. घरातली मंडळी आदल्या रात्रीच्या प्रवासाने शिणलेली असतात. रणातला तो सरळ रस्ता लागला की फोटोसाठी किमान अर्धा तास थांबणं होतंच, आणि ते व्हावंही. शिवाय बहुतेक ट्रॅव्हल्सवाले याच दिवसात काळा डुंगर आणि धोर्डोचा, म्हणजे पांढऱ्या रणातला, सूर्यास्त बसवून देतात. काळ्या डुंगरावर दत्ताचं मंदिर आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद ठेवायची जुनी रीत आहे. आपल्या माणसाला ते चुकवायचं नसतं, हे बरोबरच आहे. पण धोलावीराहून धोर्डो सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, वाटेत पांढऱ्या रणात जायच्या परवान्याची तपासणी. सूर्यास्त गाठायचा तर अडीच-तीनला धोलावीरा सोडावं लागतं. म्हणजे साडेदहा-अकराला पोचायचं, मध्ये जेवायचं आणि अडीचला निघायचं. शहर बघायला उरते ती भर दुपार.

मुक्कामाकडे काटा झुकला तो या भर दुपारमुळे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

वेरूळला बारा वाजता गेलात तरी लेण्याच्या आत सावली असते, कैलासाच्या अंगणातही एका बाजूला अंधार आणि एका बाजूला उजेड असतो, त्यामुळे कोरीव काम उठून दिसतं. धोलावीराला छप्पर नाही, झाड नाही, उंच भिंतही फारशी नाही. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंती बहुतेक ठिकाणी घोट्यापासून कमरेपर्यंतच उरल्या आहेत. दगड फिकट, माती फिकट. डोक्यावर सूर्य आला की भिंतीची सावली भिंतीच्या बुडाशी गोळा होते आणि सगळं एका रंगात मिसळून जातं. गल्ली कुठे संपली, उंबरठा कुठे होता, पायरी कुठे होती, काही कळत नाही. ‘नुसते दगडच आहेत’ असं म्हणत परतणारी माणसं भेटतात. त्यात जागेचा दोष नाही. ती चुकीच्या वेळी तिथे होती, एवढंच.

एक उदाहरण देतो. बालेकिल्ल्याच्या भागात एक दगडी विहीर आहे. तिच्या काठावरच्या दगडाला दोर घासून घासून खाचा पडल्या आहेत. आपल्याकडे गावातल्या जुन्या आडावर अशा खाचा कुणीही पाहिलेल्या असतात, पोहऱ्याच्या दोराने शंभर-दीडशे वर्षांत पडलेल्या. तीच खाच इथे हडप्पाकालीन दगडावर आहे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडला की खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि खाच बोटभर खोल दिसते. बाराच्या उन्हात तोच दगड सपाट वाटतो. वाटाड्याने बोट ठेवून दाखवलं तरच कळतं, नाहीतर माणूस पुढे निघून जातो. पूर्वेच्या दरवाज्यातल्या खांबांच्या घासून गुळगुळीत केलेल्या बैठका, नाल्यांची तोंडं, उतरत्या पायऱ्या, सगळ्याचं तेच.

मराठवाड्याच्या माणसाने इथे वेळ काढावा याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पाणी. कच्छचा पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, तोही बेभरवशाचा. धोलावीरा ज्या बेटावर आहे त्या खदीर बेटावर बारमाही नदी नाही. उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे, त्यांच्या मधोमध हे शहर. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवलं आणि तटबंदीच्या आतल्या अंगाला एकापुढे एक हौद खोदले. जमिनीला जो तेरा मीटरच्या आसपासचा उतार आहे, त्याच्या जोरावर एक हौद भरला की पाणी पुढच्यात जातं. पूर्वेकडचा हौद 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद, दहा मीटर खोल, आणि कोपऱ्यातून तळापर्यंत पायऱ्या. वालूरची बारव किंवा संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली माणसं त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहतात. त्यासाठी घड्याळाकडे न बघता काढलेली वीस मिनिटं लागतात, आणि एका दिवसाच्या सहलीत नेमकी तीच मिळत नाहीत.

मुक्काम केला तर दिवस असा लागतो. भूजहून आरामात नऊला निघायचं, दीड-दोनला धोलावीरा गावात जेवण, ऊन उतरेपर्यंत विश्रांती. साडेतीनला संग्रहालय, चारपासून बंद होईपर्यंत अवशेष. दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडताच पुन्हा आत, आदल्या दिवशी राहिलेला भाग. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की घड्याळ तेच असलं तरी कच्छ आपल्या पश्चिमेला आहे, तिथे सूर्य वीसेक मिनिटं मागे चालतो. थंडीत सूर्योदय सव्वासातच्याही पुढे होतो, म्हणून नऊलासुद्धा उजेड छान तिरपा असतो. फिरण्याचा क्रम पूर्वेचा हौद, बालेकिल्ला, ती विहीर, उत्तर दरवाजा, समोरचं लांबलचक मैदान, मधलं शहर, खालचं शहर आणि परत येताना दक्षिणेकडचे खडकात खोदलेले हौद, असा ठेवा. हडप्पा लिपीतल्या दहा चिन्हांचा प्रसिद्ध फलक याच उत्तर दरवाज्याच्या परिसरात सापडला. चालणं तीनेक किलोमीटर, सगळं उघड्यावर. माणशी दोन लिटर पाणी हातात असू द्या, चपलेऐवजी बूट घाला. वाटाड्या गावातलाच घ्या. 1990 पासून पुरातत्त्वज्ञ डॉ. आर. एस. बिष्ट यांच्या हाताखाली जे उत्खनन झालं, त्यात गावातली बरीच माणसं राबली आहेत आणि कुठली भिंत कशी निघाली हे त्या घरांमध्ये माहीत असतं.

शुक्रवार मात्र टाळलेला बरा. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं बहुतेक ठिकाणी शुक्रवारी बंद असतात, आणि मणी, शंखाच्या बांगड्या, वजनं, मुद्रा हे सगळं आतच आहे. ते न बघता अवशेषांत गेलं तर निम्मं हुकतं.

आता पैशाचं, कारण घरात वाद तिथेच होतो. मुक्काम दुप्पट महाग पडतो असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खासगी गाडीचा हिशोब दिवसाला किमान किलोमीटरवर असतो, कुणाचे 250, कुणाचे 300. त्यापेक्षा कमी चाललं तरी किमानाचे पैसे द्यावे लागतात, जास्त चाललं तर वरचे वेगळे. एका दिवसात फक्त धोलावीरा केलं तर जाऊन-येऊन 280, म्हणजे किमानाच्या आसपासच बसलं. याच्याशी तुलना केली तर मुक्काम खरोखरच दुप्पट पडतो. पण काळा डुंगर आणि धोर्डोही त्याच दिवशी घेतलं तर आकडा पावणेचारशे-चारशेवर जातो आणि वरच्या किलोमीटरचे पैसे सुरू होतात. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर हेच दोन थांबे घेतले, तर गाडी चालते तेवढीच. दोन दिवसांच्या किमानाचे 500 ते 600 किलोमीटर भरावे लागतात, म्हणजे फरक शे-दोनशे किलोमीटरचा. त्यात ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि तुमची खोली. चार-पाच जणांत वाटलं की तो आकडा भीतीदायक राहत नाही. बोलणी करताना किमान 250 की 300, किलोमीटर त्यांच्या गॅरेजपासून मोजणार की तुमच्या हॉटेलपासून, आणि ड्रायव्हरची झोपायची सोय कोण करणार, हे तिन्ही प्रश्न आधीच विचारून घ्या. तिसऱ्यावरून रात्री नऊ वाजता वाद होतात.

मुक्कामाच्या अडचणीही आहेत. गावात राहायच्या जागा मोजक्याच आहेत. गुजरात पर्यटनाचं विश्रामगृह, काही रिसॉर्ट, काही भुंगे (कच्छी धाटणीच्या गोल झोपड्या). डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस आणि दिवाळीनंतरचा आठवडा यांत खोल्या लवकर भरतात. जेवण साधं: बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, खिचडी-कढी. भाकरीवर वाढलेल्या आपल्या पोटाला ते जड जात नाही, पण लहान मुलं कुरकुर करतील. रात्री गारठा चांगलाच असतो, म्हणून अंगावर घ्यायला एक जाड शाल प्रत्येकी धरा. औषधं भूजहूनच घ्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका.

मग एका दिवसाची सहल कुणी करावी? ज्यांच्यासोबत अगदी तान्हं मूल आहे, ज्यांना रोजची इन्सुलिन वगैरे सांभाळायची आहेत, ज्यांची रजाच तीन दिवसांची आहे, त्यांनी जरूर एका दिवसात जावं. फक्त त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. धोर्डो आणि काळा डुंगर वेगळ्या दिवशी. गाडी साडेपाचला दारात हवी, आणि ही अट आदल्या दिवशी ड्रायव्हरशी थेट फोनवर बोलून पक्की करावी, फक्त ऑफिसला सांगून चालत नाही. नऊला आत, बाराला बाहेर. गुडघे दुखणाऱ्यांनी हौदाच्या तळापर्यंत उतरू नये, काठावरूनही तो पूर्ण दिसतो. मार्चनंतर मात्र या दोन्हींपैकी काहीच करू नये.

आणि एक मधला मार्ग आहे, जो मला सगळ्यांत पटतो. मुंबईहून येणारी कच्छ एक्सप्रेस भूजच्या आधी भचाऊला थांबते. सकाळी तिथेच उतरायचं, गाडी तिथे बोलवायची आणि रापरमार्गे दीडशेच्या आसपास किलोमीटर करून थेट धोलावीरा गाठायचं. रात्र तिथे, दुसऱ्या दिवशी रण ओलांडून खावडा, काळा डुंगर, धोर्डो आणि मग भूज. एकाच रस्त्याने परतणं नाही, भूजला जाऊन उलटं येणं नाही, आणि पोचल्याच दिवशी संध्याकाळचा उजेड हाताशी. गाडी शक्यतो गांधीधामची ठरवा, भूजहून भचाऊपर्यंत रिकामी यायचं असेल तर तेवढे किलोमीटर तुमच्याच नावावर लागतात. गांधीधामवाला भूजला तुम्हाला सोडून परत जायचे साठेक किलोमीटर लावेल, ते रास्त आहे. यात चूक एकच होऊ शकते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं म्हणून आधी तिकीट काढलं जातं आणि खोली नंतर शोधली जाते. धोलावीराची खोली फोनवर पक्की झाल्यावरच तिकिटाला हात घाला.