शिमग्याला कुठे जाल? कोकणातली पालखी की गोव्याचा शिगमो?

फाल्गुन आला की कुणी ना कुणी विचारतंच, शिमगा बघायला कोकणात जाऊ की गोव्यात? मी उलट विचारतो, गावात ओळखीचं घर आहे का?

कारण रत्नागिरी, चिपळूण, गुहागर पट्ट्यातला शिमगा हा घरचा कार्यक्रम आहे. देवाला रुपं (मुखवटे) लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या गावातल्या चौथऱ्यावर, येते आणि मग घरोघरी निघते. अंगण सारवलेलं, ओटीचं ताट भरलेलं, मुंबईहून आलेले चाकरमानी दारात. देव दाराशी आला की गाऱ्हाणं होतं, नवस बोलले-फेडले जातात. खरी मजा पालखी नाचवण्यात आणि खुणा काढण्यात. लपवून पुरलेला नारळ पालखी शोधते, तेव्हा ढोलाचा ठेका बदलतो आणि सगळं गाव श्वास धरून उभं राहतं. रात्री खेळ्यांचं नमन हे लोकनाट्य, त्यातलं संकासुराचं सोंग. यातलं काहीच पाहुण्यांसाठी नसतं. दुपारी येणार म्हटलेली पालखी रात्री नवाला आली तरी कुणी घड्याळ बघत नाही. तारखाही गावागणिक वेगळ्या: कुठे तेरसे शिमगा त्रयोदशीला, कुठे भद्रेचा पौर्णिमेला. म्हणून यजमानाला आधी फोन करा. ओळख नसेल तर उन्हात सहाणेच्या कडेला उभं राहून निम्मं कळणारच नाही.

गोव्यात ती अडचण नाही. पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा, वास्को, प्रत्येक शहराची मिरवणूक वेगळ्या संध्याकाळी. एक चुकली तर दुसरी गाठता येते. रोमटामेळात, म्हणजे नाचत-वाजवत जाणाऱ्या पथकात, ढोल, ताशे, कांसाळी, निशाणं आणि ‘ओस्सय’चा गजर; मागून पौराणिक देखाव्यांचे चित्ररथ. ऊन उतरल्यावर सुरू होते, त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जायला हे सोपं. मात्र ही स्पर्धा असते, बक्षिसं असतात. त्यामुळे पथकांचं लक्ष परीक्षकांकडे. ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहिलात तर ढोल ऐकू यायचा नाही. आणि शेवटचा चित्ररथ पाहायचा तर मध्यरात्रीची तयारी ठेवा.

मला विचाराल तर गोव्यात जाऊनही शहराबाहेर पडा. डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी बघा: कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फुलांचा साज, हातात तलवार. किंवा जांबावलीला दामोदराचा गुलाल. पांढरे कपडे घालून जाऊ नका, एवढंच सांगतो. माझा एक सदरा अजून गुलाबीच आहे.

खर्चाचं म्हणाल तर कोकणात राहायचा-जेवायचा खर्च जवळजवळ नाही, पण यजमानाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. रेल्वेचं तिकीट मात्र दोन्हीकडे सारखंच अवघड. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी जागे असाल तर ठीक, नाहीतर एसटी आहेच.